विजेचे इंधन: खाणीपासून राखेपर्यंत

महावितरणच्या बिलावर 'इंधन समायोजन आकार' नावाची एक ओळ असते. वीज केंद्रांनी जाळलेल्या इंधनाचा आणि बाहेरून घेतलेल्या विजेचा खर्च नियामक आयोगाने आधी धरलेल्या आकड्याच्या पुढे गेला, की तो फरक या ओळीतून ग्राहकाकडे येतो. जालन्यातला पिठाची गिरणी चालवणारा माणूस आणि डोंबिवलीतले दोन खोल्यांचे घर, दोघेही ही रक्कम भरतात. ती कशामुळे वाढली हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. चंद्रपूरच्या खाणीत पाणी भरले असेल, रेल्वेला वॅगन कमी पडल्या असतील, इंडोनेशियाच्या सरकारने निर्यातीचा नियम बदलला असेल किंवा समुद्रातल्या एखाद्या विहिरीतला वायू आटला असेल. बिलावर त्यातले काहीच छापलेले नसते.

वीज केंद्राच्या इंधनाबद्दल आपण बोलतो ते बहुतेक भावाच्या अंगाने: कोळसा स्वस्त, वायू महाग, अणुइंधन त्याहून वेगळे. माझ्या मते कोणत्याही इंधनाला आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. ते केंद्राच्या दारापर्यंत कोणत्या वाटेने येते? आणि वीज तयार झाल्यावर मागे जे उरते ते कोणाच्या दारात पडते? महाराष्ट्राने शंभरहून अधिक वर्षांत पाणी, कोळसा, खनिज तेल, वायू, नाफ्ता, युरेनियम आणि उसाचा चोथा, इतक्या गोष्टींवर वीज केली आहे. त्यातल्या प्रत्येकाची अडचण जळण्यात क्वचित आली. ती आली वाटेत, करारात किंवा अवशेषात.

सुरुवात पाण्यापासून झाली, आणि त्याचे कारणही इंधनाची वाट हेच होते. मुंबईच्या कापडगिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत आणि त्यांचा कोळसा बंगालकडून देशाची अख्खी रुंदी ओलांडून येई. लोणावळ्याच्या माथ्यावर मात्र दर पावसाळ्यात अतोनात पाणी पडत होते. जमशेटजी टाटांनी पाहिलेली ही कल्पना त्यांच्या पश्चात 1915 मध्ये खोपोलीच्या केंद्रात उतरली. पाठोपाठ 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा सुरू झाले. गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर कमी झाला. त्याची किंमत मुळशीच्या खोऱ्यातल्या मावळ्यांनी मोजली. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह हा धरणाविरुद्धचा लढा म्हणून ओळखला जातो, पण तो विजेच्या 'इंधना'साठी जमीन घेण्याविरुद्धचाही आपल्याकडचा पहिला मोठा लढा होता. पाणी जळत नाही, राख ठेवत नाही, तरी त्याच्या खाली गावे राहतात.

कोयनेत हाच धडा वेगळ्या अंगाने दिसतो. 1962 पासून टप्प्याटप्प्याने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाची क्षमता आज 1,960 मेगावॉटच्या आसपास आहे. सह्याद्रीच्या पूर्वेचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे पडते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. धरणाची साठवण 105 टीएमसी (अब्ज घनफूट) असली तरी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधून दिले आहे. कोयनेचे पाणी हे असे मोजून मिळालेले इंधन आहे. म्हणून तिथले अभियंते ते जपून वापरतात. संध्याकाळी सहा-सातनंतर राज्यात मागणी उसळली की कोयनेचे संच काही मिनिटांत पूर्ण भारावर येतात, कोळशाच्या संचाला त्यासाठी तास लागतात. पाण्याचे खरे मोल या तत्परतेत आहे. दुष्काळी वर्षी तेच पाणी सांगलीच्या शेताला सोडायचे की टर्बाइनला, हा वाद उभा राहतो तेव्हा दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असते.

तरीही राज्याची बहुतेक वीज आजही कोळशावर होते, आणि या लेखाचा मोठा भाग त्यालाच द्यायला हवा.

500 मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर 1 कोटी 20 लाख युनिट वीज देतो. आपल्याकडच्या कोळशावर एका युनिटला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका संचाला दिवसाला सुमारे 8,000 टन. मालगाडीचा एक रेक 58-59 वॅगनांचा असतो आणि त्यात चार हजार टनांच्या आतबाहेर कोळसा मावतो. एका संचासाठी रोज दोन रेक यायला हवेत, तेही दिवाळी असो वा पूर. चंद्रपूरची क्षमता आज 2,920 मेगावॉट आहे. सगळे संच पूर्ण भारावर चालवायचे तर तिथे रोज चाळीस हजार टनांच्या पुढे कोळसा लागेल. वॅगन टिपलरवर एकेक वॅगन उलटी होते, पट्ट्यांवरून कोळसा गिरण्यांत जातो, पिठासारखा बारीक होतो आणि गरम हवेच्या झोतावर बॉयलरमध्ये फेकला जातो. तो तिथे पेटतो तेव्हा वायूसारखा जळतो. थंड संच पेटवताना सुरुवातीला तेल जाळावे लागते, कोळसा नंतर धरतो.

आता प्रश्न या कोळशाच्या जातीचा. वर्धा खोऱ्यातला, उमरेड-कामठीकडचा, तसाच ओडिशा आणि छत्तीसगडमधला कोळसा गोंडवन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. ज्या वनस्पतींपासून तो झाला त्या नद्यांनी वाहून आणून गाळासकट साठवल्या. त्यामुळे माती आणि खडकाचे कण कोळशात इतके मिसळलेले आहेत, की धुऊनही ते पूर्ण सुटत नाहीत. वीज केंद्रात येणाऱ्या कोळशात 30 ते 45 टक्के राख असते. उष्मांक किलोमागे साडेतीन-चार हजार किलोकॅलरी. याच्या जोडीला एक चांगला गुण आहे: गंधक कमी, बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. इंडोनेशियाचा कोळसा याउलट. राख बरीच कमी आणि उष्मांक बहुधा जास्त. ट्रॉम्बेचे टाटांचे केंद्र मुंबईच्या वस्तीत असूनही चालू शकते ते अशा कमी राखेच्या, कमी गंधकाच्या आयात कोळशामुळे आणि धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुणाऱ्या यंत्रणेमुळे.

चाळीस टक्के राख याचा व्यवहारातला अर्थ लक्षात घ्या. रेकच्या दर पाच वॅगनांपैकी दोन वॅगना माती वाहतात. रेल्वेचे भाडे मातीवर जाते, गिरण्यांचे लोखंड मातीने झिजते. आणि 8,000 टन कोळसा जाळणाऱ्या संचाच्या मागे रोज तीन हजार टन राख उरते. चिमणीजवळच्या विद्युत अवक्षेपकात तिचा बहुतेक भाग धरला जातो. ती सिमेंटमध्ये मिसळता येते, विटा होतात, रस्त्याच्या भरावात जाते. चंद्रपूरच्या राखेला गडचांदूर-कोरपना पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांचे गिऱ्हाईक जवळच आहे, ही त्या जिल्ह्याची जमेची बाजू. जी राख विकली जात नाही ती पाण्यात कालवून राख बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात बंधारा कोरडा पडला की वारा ती राख कपाशीवर, अंगणातल्या वाळवणावर आणि माणसांच्या छातीत नेतो. जुलै 2022 मध्ये मुसळधार पावसात कोराडीचा खसाळ्याजवळचा राख बंधारा फुटला आणि राखेचा गाळ शेतांत आणि नाल्यांत पसरला. ज्या शेतकऱ्याच्या वावरात ती साचली त्याने कोळसा मागितला नव्हता, आणि त्याच्या पिकाचे नुकसान 'इंधन समायोजन आकारा'त कधीच धरले जात नाही.

गंधकाचेही तसेच. अर्धा टक्का हा आकडा लहान वाटतो. पण 8,000 टनांचा अर्धा टक्का म्हणजे 40 टन गंधक, आणि तो जळून जवळजवळ 80 टन सल्फर डायऑक्साइड होतो, एका संचातून, एका दिवसात. हवेत त्याचे सूक्ष्म कण होतात आणि ते केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर जातात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना या मर्यादेतून सूट मिळाली. सक्ती उरली ती मुख्यतः दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवर. अतिप्रदूषित भागांतल्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक व्हायचा आहे. आपला कोळसा मुळात कमी गंधकाचा, शिवाय यंत्रणा महाग, असे सूट देणाऱ्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. डहाणूचे 500 मेगावॉटचे केंद्र चिकूच्या बागांच्या आणि पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित तालुक्यात उभे राहिले, लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शेवटी तिथे गंधक काढणारी यंत्रणा बसली. ती बसवूनही केंद्र वर्षानुवर्षे देशातल्या उत्तम चालणाऱ्या केंद्रांत गणले गेले. जे डहाणूत जमले ते चंद्रपूरला जमू नये असे तंत्रज्ञानात काही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये अतिप्रदूषित क्षेत्रांची यादी केली तेव्हा चंद्रपूर त्यात अगदी वरच्या क्रमांकांत होते.

कोळशाच्या जोडीला पाणी लागते हे परळीने शिकवले. वाफ थंड करायला औष्णिक केंद्र पाणी पिते, आणि मराठवाड्यात ते नेमके कोरड्या वर्षी नसते. फेब्रुवारी 2013 मध्ये आणि पुन्हा जुलै 2015 मध्ये परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळसा होता, संच होते, माणसे होती. याचे चांगले उत्तर कोराडीला सापडले: नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते केंद्राला पुरवले जाते, आणि तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी वाचते. कोराडीच्या 660 मेगावॉटच्या तीन नव्या संचांचे तंत्रज्ञानही जुन्यापेक्षा पुढचे आहे. वाफेचा दाब इतका जास्त की तेवढ्याच विजेला कोळसा कमी पुरतो. नव्याने काही उभे राहणारच असेल तर निदान या दोन्ही गोष्टी तिथे असाव्यात.

कोळशाची वाट कशी अडते ते 2021 च्या ऑक्टोबरात आणि 2022 च्या एप्रिलमध्ये साऱ्या देशाने पाहिले. टाळेबंदीनंतर मागणी एकदम उसळली, पावसाने खाणींत पाणी भरले, जगात कोळसा महागल्याने आयात आटली आणि केंद्रांच्या आवारातले साठे काही दिवसांवर आले. उन्हाळ्यात कोळशाच्या रेकना वाट करून देण्यासाठी रेल्वेने शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द केल्या. केंद्र सरकारने दहा टक्के आयात कोळसा मिसळण्याचा आदेश काढला, तोही भाव शिखरावर असताना. खाण, रूळ आणि बंदर यांपैकी एक जरी तुंबले तरी बॉयलरपर्यंत झळ पोचते, आणि तेव्हा घाईत घेतलेल्या कोळशाचे पैसे महिनोन्‌महिने बिलात येत राहतात.

परदेशी कोळशावर विसंबण्याचा धोका तर त्याच्याही आधी कळला होता. टाटांच्या मुंद्रा प्रकल्पातून महाराष्ट्रासह पाच राज्यांना स्वस्त दराने पंचवीस वर्षे वीज मिळायची होती. हिशेब इंडोनेशियाच्या कोळशावर बांधलेला. त्या देशाने निर्यातीचे दर आंतरराष्ट्रीय भावाशी जोडले आणि हिशेब कोसळला. कंपनीने दरवाढ मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल 2017 मध्ये न्यायालयाने सांगितले की परदेशातला कायदा बदलला म्हणून इथल्या ग्राहकावर भार टाकता येणार नाही. ग्राहक म्हणून मला हा निकाल न्याय्य वाटतो. मात्र तोट्यात केंद्र चालवायला कोणी तयार होत नाही आणि वीज तर हवीच असते, त्यामुळे प्रश्न वाटाघाटींत पुढे सरकत राहिला.

स्वतःची खाण असली की हे सगळे टळेल, असा एक विचार आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये 1993 पासूनची 204 कोळसा खाणपट्ट्यांची वाटपे रद्द केली. त्यानंतरच्या फेरवाटपात महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीला छत्तीसगडमधल्या रायगड जिल्ह्यातला गारे पेलमा सेक्टर-2 हा पट्टा मिळाला. तमनार तालुक्यातल्या गावांचा त्याला विरोध आहे. जंगल आणि शेती दोन्ही जाणार आहेत. मुळशीत जे झाले त्याला शंभर वर्षे उलटली. आता वीज महाराष्ट्राची आणि जमीन दुसऱ्या राज्यातल्या आदिवासींची.

वायूची कथा कोळशाच्या उलट सुरू होते. 1974 मध्ये मुंबई हाय सापडले, तेलाबरोबर वायू येऊ लागला. त्याच्या बळावर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला उरणचे केंद्र उभे राहिले. आज त्याची क्षमता 672 मेगावॉट आहे. वायूवरचे संच झटपट सुरू होतात, राख अजिबात नाही, गंधक नावापुरता. टर्बाइनमधून निघणाऱ्या गरम धुरावर पुन्हा वाफ करता येते आणि इंधनातली निम्मी ऊर्जा वीज होऊन बाहेर पडते. कोळशाच्या जुन्या संचात ती तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर असते. युनिटमागे कार्बन डायऑक्साइडही कोळशाच्या निम्म्याहून कमी. इतके गुण असूनही उरणला अनेक वर्षे पुरेसा वायू मिळालेला नाही. घरगुती वायू, वाहने आणि खतांचे कारखाने रांगेत पुढे आहेत.

आणि दाभोळ. गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या किनाऱ्यावरचा हा प्रकल्प राजकारण आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांसाठी लक्षात राहिला आहे. इंधनाच्या बाजूने तो पुन्हा वाचण्यासारखा आहे. 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी समझोता झाला, 1993 मध्ये वीजखरेदी करार. 1995 मध्ये युती सरकारने तो मोडला आणि वर्षभरात फेरवाटाघाटी करून पुन्हा केला. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला तो वायूवर नव्हे, नाफ्त्यावर. द्रवरूप वायू जहाजाने आणण्याची सोय दुसऱ्या टप्प्याबरोबर व्हायची होती. नाफ्ता हा तेलशुद्धीकरणातून निघणारा पदार्थ, रसायने आणि खतांसाठी मौल्यवान. तो वीज करण्यासाठी जाळणे हे कधीच स्वस्तात पडणारे नव्हते. 2000 साली खनिज तेल भडकले, रुपया घसरला, आणि इंधनाचा तसेच इतर खर्चाचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. राज्य वीज मंडळ तेवढी वीज उचलत नव्हते, तरी स्थिर आकार द्यावाच लागत होता. थोडक्या युनिटांवर सगळा स्थिर खर्च पडला आणि दर आवाक्याबाहेर गेला. 2001 मध्ये केंद्र बंद पडले, त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने कराराची चिरफाड केली, आणि डिसेंबरात एन्रॉन कंपनीच दिवाळखोर झाली.

पुढची कहाणी कमी सांगितली जाते. 2005 मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली आणि 2006 मध्ये संच पुन्हा फिरले. 2009 पासून कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातून देशी वायू मिळू लागला, तेव्हा वाटले की आता हा प्रकल्प मार्गाला लागला. त्या क्षेत्राचे उत्पादन दोन-तीन वर्षांत झपाट्याने घसरले. 2013 मध्ये दाभोळ पुन्हा थांबले. नंतर रेल्वेसाठी त्यातला काही भाग चालवला गेला. आंध्रातली कितीतरी वायू केंद्रे याच फटक्याने ठप्प झाली. करार वाईट होता तेव्हा दाभोळ बंद पडले, आणि करार बदलून मालक बदलले तरी इंधन नव्हते म्हणून ते पुन्हा बंद पडले. या दुसऱ्या बंद पडण्याची चर्चा जितकी व्हायला हवी होती तितकी आपण केली नाही.

निव्वळ तेलावरच्या विजेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ट्रॉम्बेला एकेकाळी जड तेल जाळत. आज तेलाचे काम थंड संच पेटवणे आणि कमी भारावर ज्योत टिकवणे इतकेच.

युरेनियमचे वजन सर्वांत कमी आणि राजकारण सर्वांत जड. तारापूरच्या 540 मेगावॉटच्या एका संचाला पूर्ण क्षमतेवर दिवसाला साधारण पाव टन नैसर्गिक युरेनियम पुरते. तेवढ्याच ताकदीच्या कोळशाच्या संचाला दोन रेक लागतात हे वर आलेच आहे. म्हणजे वाट किती सोपी! तरी तारापूरचा इतिहास वाटेच्या अडचणींनीच भरला आहे. 1969 मध्ये सुरू झालेले पहिले दोन संच अमेरिकी बनावटीचे, त्यांना समृद्ध युरेनियम लागते, आणि 1963 च्या कराराने ते अमेरिकेने तीस वर्षे पुरवायचे होते. 1974 मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली आणि पुरवठ्याला खीळ बसली. मग 1980 च्या दशकात फ्रान्स, पुढे चीन, नंतर रशिया, असे पुरवठादार शोधत ते संच अनेक दशके चालवण्याचे काम भारतीय अभियंत्यांनी केले.

तिसरा आणि चौथा संच वेगळ्या जातीचे आहेत. जड पाणी वापरणाऱ्या या अणुभट्ट्यांना नैसर्गिक युरेनियम चालते, झारखंडमधल्या जादुगुड्याचे किंवा आंध्रातल्या तुम्मलपल्लेचे. हैदराबादेत त्याच्या कांड्या होतात. संच चालू असतानाच एका बाजूने नवी कांडी घालून दुसरीकडून जुनी काढता येते. मात्र देशी खाणी उशिरा वाढल्या. 2007-08 च्या सुमारास युरेनियमच्या तुटवड्याने देशातल्या अणुभट्ट्या निम्म्या क्षमतेवर आल्या होत्या. 2008 च्या भारत-अमेरिका अणुकराराकडे पाहताना हा तुटवडा विसरून चालत नाही. आणि अवशेष? तो आकाराने लहान, पण हजारो वर्षे जपायचा. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे तिसऱ्या-चौथ्या संचासाठी उठली. जैतापूरला 1,650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांचा बेत अनेक वर्षे कागदावर आहे. अणुऊर्जेचा मी विरोधक नाही. पण मच्छीमाराने समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याबद्दल विचारले तर त्याला आकड्यानिशी उत्तर मिळायला हवे, पोलीस बंदोबस्त नव्हे.

इंधनाची वाट जिथे जवळजवळ नाहीच असे एक इंधन महाराष्ट्राच्या घरचे आहे. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन चोथा उरतो, निम्मा ओला, उष्मांक किलोमागे सव्वादोन हजारांच्या आसपास. पूर्वी साखर कारखाने कमी दाबाच्या बॉयलरमध्ये हा बगॅस कसाबसा जाळून संपवत. उच्च दाबाचे बॉयलर आले, तेव्हा तेवढ्याच चोथ्यातून कारखाना चालवून उरलेली वीज विकता येऊ लागली. राज्यातल्या सहवीजनिर्मितीची क्षमता आज दोन हजार मेगावॉटच्या वर आहे. इंधन कारखान्याच्या आवारातच तयार होते, राख थोडी आणि शेतात टाकण्याजोगी. उणीव हंगामाची: गाळप नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलमध्ये संपते आणि विजेची सर्वाधिक ओढ त्यानंतर लागते. दुष्काळात ऊसच नसतो. आणि उसाला लागणारे पाणी हिशेबात धरले तर या विजेला फुकटची म्हणता येत नाही, हे सोलापूर-धाराशिवच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

विदर्भात पऱ्हाटी आणि तुराट्या भरपूर. त्यांच्या कांड्या करून कोळशात पाच टक्के मिसळण्याचे केंद्र सरकारचे धोरण 2021 पासून आहे. कल्पना चांगली आहे. पण पऱ्हाटी हलकी, विखुरलेली, आणि अनेक घरांत ती अजून चुलीचे जळण आहे. गोळा करणारा, दळणारा आणि भाव देणारा गावाजवळ उभा राहिला तरच ती बॉयलरपर्यंत पोचेल.

आता सगळ्या इंधनांचे गणित सूर्यामुळे बदलते आहे. शेतीच्या वीजवाहिन्या सौर ऊर्जेवर नेण्याची योजना 2017 पासून आहे आणि 2023 नंतर तिने वेग घेतला. शेतकऱ्याला रात्री साप-विंचवाच्या भीतीत पंप चालू करायला न जाता दिवसा पाणी देता येणे, हा तिचा सर्वांत मोठा लाभ मला वाटतो. पण दुपारी सौर वीज भरपूर आणि संध्याकाळी शून्य. त्यामुळे कोळशाच्या संचांना दुपारी भार खाली आणावा लागतो, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांनुसार टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत, आणि सूर्य मावळताच परत वर न्यावा लागतो. एकाच भारावर चालण्यासाठी बांधलेल्या बॉयलरला हे मानवत नाही. युनिटमागे कोळसा जास्त लागतो, नळ्यांना तडे जातात, ज्योत टिकवायला तेल जाते. म्हणून दुपारची वीज साठवण्याची सोय हवी. घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प हेच करतो: स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचे, गरजेला खाली सोडायचे. सह्याद्रीत असे आणखी अनेक प्रकल्प आखले जात आहेत. खोपोलीला जो उतार टाटांनी पाहिला, त्याचाच हा नवा उपयोग. तिथेही डोंगरात जंगल आहे, वाड्या आहेत.

दरम्यान कोराडीला 660 मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि 2023 च्या मे महिन्यात त्याची जनसुनावणी झाली. बाजूने आणि विरोधात बरेच बोलले गेले. रोजगार, धूर, नागपूरचा उन्हाळा. अशा प्रत्येक सुनावणीत आणि चालू असलेल्या प्रत्येक केंद्राच्या फाटकावर काही आकडे मराठीत, दर महिन्याला लावलेले असावेत अशी माझी मागणी आहे: कोळसा कोणत्या खाणीतून आला, त्यात राख किती होती, किती राख विकली आणि किती बंधाऱ्यात गेली, चिमणीतून किती गंधक बाहेर पडला, पाणी कुठून किती घेतले. हे सगळे केंद्रांमध्ये मोजले जाते, नोंदवले जाते. फाटकापासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला ते वाचता येत नाही, आणि बिलावरची ती ओळ भरणाऱ्यालाही नाही.